सवाष्णीचा फोटो

“हे चुकलं, ताई. दाराला कुलूप नव्हतं. भायेरनं कडी हुती.”

मीनलने ‘कुलूप’ खोडून ‘कडी’ लिहिलं. आठवडाभर बँकेत काम करायचं आणि रविवारी सिंगापुरातल्या बिशानच्या या संस्थेत येऊन, मालकांचं घर सोडून आलेल्या कामवाल्यांच्या हकिगती लिहून घ्यायच्या, असं तिचं तीन वर्षं चाललं होतं. पण हौसासारखी बाई तिला आजवर भेटली नव्हती. चार वर्षं जिचा पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, फोन मालकिणीच्या ड्रॉवरमध्ये, जिला एकटीने खाली उतरायचीही बंदी, ती मालकिणीवर अन्याय नको म्हणून कडी की कुलूप याचा काथ्याकूट करत बसली होती! आता काय म्हणावं हिला?

“आन हेबी लिवा, वैनींनी हात कदी उगारला न्हाई.”

“लिहिते. पण चार वर्षांत एकही सुट्टी दिली नाही, हे खरं ना?”

“खरं. म्हनायच्या, ‘मावशी, तुम्ही घरच्याच की. घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी?’”

हौसा साताऱ्याकडून बुकित तिमाहच्या फ्लॅटमध्ये या मालकिणीकडे, नीताकडे, कामाला आली, तेव्हा नीताची श्रिया दोन महिन्यांची होती. गेल्या गुरुवारी हौसाने तिला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि ती वर परत गेलीच नाही. नेसत्या कपड्यांनिशी चालत सुटली. संध्याकाळी एका पोलिसाने तिला इथे आणून सोडलं. आता जबानीवर सही केली की पासपोर्ट हातात येणार, गावी जाता येणार. पण मग श्रिया पुन्हा दिसायची नाही. त्यामुळे तीन दिवस सही अडून राहिली होती.

संस्थेचा फोन वाजला. नीताच होती. “नको असेल तर ठेवून देते,” मीनल म्हणाली. हौसाने हात पुढे केला.

“अहो मावशी, काय हे!” स्पीकरवर नीताचा आवाज आला. “आपल्याच माणसांची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात का? पासपोर्ट आजच्या आज देते. श्रियाचे बाबा गाडी घेऊन येतील. फक्त सही-बिही काही करू नका हं. थांबा, श्रियाशी बोला.”

“मावशी, कम होम लाह! ममाचा वरणभात सो यकी! तू कधी येणार?”

हौसाचा चेहरा मीनलला बघवेना. पोरीला पहिला घास भरवला होता तो या बाईने.

“येते गं बाय,” हौसा बोलून गेली आणि घाबरून तिने फोन ठेवूनच दिला.

पाच मिनिटांत नीताने त्याच फोनवर एक फोटो पाठवला. गौरीजेवणाचा. पाटावर हौसा, अंगावर हिरवी साडी, ओटीत नारळ. शेजारी वाकून कुंकू लावणारी हसरी नीता. खाली लिहिलं होतं, ‘गुलामाला कोणी सवाष्ण म्हणून पाटावर बसवतं का?’

खरं सांगायचं तर मीनल डगमगली. गौरी तिच्याही घरी येतात, पण कामवालीला पाटावर बसवायचं तिला कधी सुचलं नव्हतं. तिने फोटो हौसासमोर धरला.

“हे तुम्ही बोलला नाहीत, हौसाताई.”

हौसाने मान पुढे करून पाहिलं.

“गेल्या सालचा हाय. गौरी आल्या त्या दिवशी सकाळीच आमचं मालक वारलं. दिराचा फोन आल्ता. वैनींनी घेतला.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी तीस मानूस जेवायला यायचं हुतं. गौरी बोळवल्या, भांडी आवरली, तवा सांगितलं. म्हनाल्या, ‘आधी सांगून काय उपयोग होता? तुम्ही रडत बसला असतात.’”

मीनलने पुन्हा फोटो पाहिला. कुंकू लावणाऱ्या त्या बाईला तेव्हा सगळं ठाऊक होतं. अगं, समोर मांडलेल्या गौरींची तरी लाज धरायचीस!

“तिकडं त्येंना जाळलं, आन हिकडं मी पाटावर बसून उखाना घेतला, ताई. समद्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली. मेलेल्या मानसाचं नाव घेऊन हासले मी.”

“तुम्हाला कुठे माहीत होतं?”

“मला नव्हतं.” हौसाने कागद मीनलकडे सरकवला. “लिवा. झालं तसंच लिवा, वाढवू नका.”

मीनलने लिहिलं, वाचून दाखवलं. हौसाने या वेळी काहीच दुरुस्त केलं नाही. एकेक अक्षर दाबून तिने सही केली.

“श्रियाला कुनीतरी सांगा, मावशी खोटं बोलली म्हनावं.”

मीनलने कागद फाईलमध्ये ठेवला. “चला, चहा घेऊ,” ती उगाच म्हणाली.

“तुमी घ्या. जाताना तेवढं दार लावा. बातमी कळली तवा वैनी म्हनाल्या, ‘हळू, श्रिया उठेल.’ तवापास्नं तसंच ऱ्हायलंय. मला मोठ्यानं रडायचंय.”

मीनलने दार ओढून घेतलं आणि ती बाहेरच उभी राहिली. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही.