एका पोर्टवर दोन पत्ते

डोळे तपासायचं यंत्र वरच्या मजल्यावर आलं तेव्हापासून मुकंच होतं. दुपारपर्यंत ते संगणकाशी जुळलं नाही तर विक्रेत्याचा माणूस ते परत नेणार होता, आणि त्याच्याशिवाय सुनेचा दवाखाना उघडणार नव्हता.

खाली सासूबाईंची रक्ततपासणीची लॅब. जाड स्लॅबमधून एकच केबल वर नेता आली, त्यामुळे दोघींचं सगळं एकाच नेटवर्क स्विचच्या भरवशावर. दिवे हिरवे होते, तरी संगणकाला यंत्र दिसत नव्हतं. सासूबाईंनी केबल बदलून पाहिली, मग स्विचला एक चापटही दिली.

"केबल ठणठणीत आहे, आई," सून म्हणाली. "यंत्राचा आयपी पत्ता वेगळ्या सबनेटमधला, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या गटातला आहे, आणि कंपनीने तो पक्का करून दिलाय. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखं झालंय. लॅबचे पत्ते बदलले तर..."

"माझ्या लॅबला हात लावायचा नाही. मागे प्रिंटरचा पत्ता बदलला, तर सकाळभर लोक रिपोर्टसाठी खोळंबले."

"बरं. मग माझ्या संगणकाला दोन पत्ते देते. लॅबमधला आहे तो राहू दे, यंत्राच्या सबनेटमधला आणखी एक. पोर्ट तेच."

"म्हणजे सासर-माहेर दोन्ही सांभाळणार."

"मी सांभाळतेच की!"

"तोंड बरं चालतं. आकडे त्या कागदावर आहेत ना? सरक, मी टाकते."

दारातल्या विक्रेत्याच्या माणसाने घड्याळ पाहिलं. यंत्र दिसेना. सासूबाईंनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले आणि "अगदी बरोबर आहेत" म्हणाल्या. तिसऱ्या जागी तीनऐवजी आठ पडला होता. सुनेने तो बदलला. यंत्र पडद्यावर हजर झालं.

"आता चाचणीला डोळा हवा. बसा, आई."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"हनुवटी टेकवा. आणि बोलू नका, चित्र हलतंय."

चित्र स्वच्छ आलं. विक्रेत्याचा माणूस समाधानाने सही घेऊन गेला. सुनेने चार ओळींचा रिपोर्ट लिहून छापायला दिला. संगणकाचा लॅबमधला पत्ताही चालू होता, आणि छपाई अजून लॅबच्याच प्रिंटरवर होत होती, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

खालून टेक्निशियनची आरोळी आली, "मॅडम, हा मोतीबिंदू कुणाचा? नावच नाही!"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग जिन्यात जाऊन खाली वाकल्या.

"माझा आहे! वर आणून दे. आणि गावभर वाचून दाखवू नकोस."

परत येऊन त्या खुर्चीत बसल्या, हनुवटी टेकवली.

"हं डॉक्टर, आता दुसरा बघा."