घरात फक्त इंग्रजी

२०१८ सालची गोष्ट. परदेशात, बिशान भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी ठरलं.

"आई, आजपासून घरात मराठी बंद," माझा मुलगा अश्विन म्हणाला. "फक्त इंग्रजी."

"मी कुठून बोलू रे इंग्रजी?"

"येतं तेवढं बोल. कम, ईट, सिट. नाहीतर बोलू नकोस."

माझ्या सुनेने, सुलेखाने, एकदा माझ्याकडे बघितलं आणि चैत्रालीला वरणभाताचा घास भरवला. नात माझी तीन वर्षं सात महिन्यांची होती. तिला अकरा शब्द येत होते. कान तपासून झाले होते, ठणठणीत. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या होत्या, दोन भाषांमुळे मुलीचा गोंधळ होतोय. अश्विनने इंटरनेटवर वाचलं होतं, की मेंदू भाषा उचलतो ती पहिल्या काही वर्षांत, मग ते दार हळूहळू मिटत जातं. तो बँकेत जोखीम मोजायचं काम करायचा. मुदत दिसली की त्याला दुसरं काही दिसत नसे.

"तूही चार वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हतास," मी म्हणाले.

"माझ्या वेळी कुणी मोजत नव्हतं. हिच्याकडे वेळ नाहीये, आई."

मिरजेच्या पोस्टात सत्तावीस वर्षं काउंटरवर काढलेली बाई मी. नियम आला की पाळायचा, ही सवय. पाळला.

ती दोघं सकाळी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, कामावर जात. बालवाडी तीन तासांची, बाकीचा दिवस आम्ही दोघीच. न्हाऊ घालताना 'डोळे मीट, साबण जाईल' हे ओठांपर्यंत यायचं. ते गिळून मी तिच्या डोळ्यांवर हात धरायची. तिने बोट दाखवलं की वस्तू आणून द्यायची. खाली पपई घ्यायला गेलो, तरी मुक्यानेच जायचं, मुक्यानेच यायचं. एकदा मी पोळ्या लाटत होते, तर तिने स्टुलावर चढून माझी हनुवटी धरली, चेहरा स्वतःकडे वळवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"गुड गर्ल," मी म्हणाले.

 ती उतरून गेली.

पाच महिन्यांनी हॉस्पिटलात नंबर लागला. तोवर अकरा शब्दांचे नऊ झाले होते. 'पाणी' आणि 'दूदू' गेले. घरात ते कुणी उच्चारतच नव्हतं.

वाचा-उपचार करणारी मिस चुआ तिशीचीही नसेल. तिने अश्विनला विचारलं, घरी कुठली भाषा?

"ओन्ली इंग्लिश. व्हेरी स्ट्रिक्ट."

"दिवसभर हिच्यापाशी कोण?"

"माय मदर."

"मग आँटी, तुम्ही खेळा हिच्याशी. रोज खेळता तसं. मी नुसतं लिहिते."

चटईवर भातुकली होती. चैत्रालीने तव्याकडे बोट केलं, मी तवा दिला. कपाकडे केलं, कप दिला. मिस चुआचं पेन थोडा वेळ चाललं, मग थांबलं.  अश्विन घड्याळाशी चाळा करत होता.

"आँटी, यू नेव्हर टॉक, आह?"

"शी इज शाय," अश्विन घाईने म्हणाला.

तेवढं इंग्रजी मला कळत होतं. मी मान हलवली असती तर मिस चुआने पान उलटलं असतं आणि माझ्या मुलाची अब्रू राहिली असती. चैत्रालीने तिसऱ्यांदा बोट दाखवलं, बशीकडे. मी बशी दिली नाही.

"नो टॉक," मी म्हणाले. "फाइव्ह मंथ. होल डे, नो टॉक."

"आई," अश्विन म्हणाला.

मिस चुआने वही मिटली. ती हळू बोलत गेली आणि एकेक वाक्य अश्विनला मराठीत सांगायला लावत गेली.

"दोन भाषांमुळे मूल अडत नाही, म्हणते. हिची अडचण कुठल्याही भाषेत असतीच. हिच्या कानांवर भरपूर बोलणं पडायला हवं. आपल्याला जे सहज येतं..." तिथे तो अडला. मिस चुआ वाट बघत राहिली. "...ते. तुला बोलायला सांगतेय, आई. आत्ता."

 मी प्लास्टिकचं लाटणं उचललं. "हे लाटणं. आपण पोळी लाटू या हं. अगं, चिकटली बघ. पीठ लाव, अजून लाव."

चैत्राली सरकत इतकी जवळ आली, की तिचा श्वास मला लागत होता. बोलली नाही. त्या दिवशी नाहीच. अश्विन आमच्याकडे पाठ करून एकेक खेळणं डब्यात भरत होता.

मिस चुआ पुढे मेलबर्नला गेली. सुलेखाने अर्धवेळ नोकरी घेतली, ती अजून तेवढीच करते. तिथे राहायचा माझा पास संपला, मागोमाग कोविड आला, आणि मी मिरजेलाच राहिले. चैत्राली आता अकरा वर्षांची आहे. चारचौघांच्या शाळेत जाते, परीक्षेला जास्त वेळ मिळतो. तिच्या अडचणीला नाव आहे, औषध नाही. दोन्ही भाषा बोलते, दोन्हींत अडखळते. त्या पाच महिन्यांनी किती नेलं, हे मी मिस चुआला जाण्याआधी विचारलं होतं. "नोबडी कॅन से, आँटी," ती म्हणाली. अश्विनने कधीच कुणाला विचारलं नाही.

रविवारी तिचा फोन येतो. परवा शाळेतलं काहीतरी सांगायचं होतं तिला. "आजी, ती मुलगी... ती..." म्हणून ती थांबली ती थांबलीच. मीही काही सुचवलं नाही. बराच वेळ गेला. मग तिच्या मागून अश्विनचा आवाज आला, अगदी हलका.

"आई, फोन ठेवू नकोस हं. सांगतेय ती."