पहिला उपसर्ग

“काका, पहिला उपसर्ग कुठंय?”

संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईने पडद्यावरची नजर न काढता विचारले.

“तो मी काढून टाकला,” वृद्ध मुद्रितशोधक समाधानाने म्हणाले. “द्विरुक्ती होती.”

“कचरापेटीत असेल ना?”

“छे, छे. कायमचा.”

बाईचा हात माउसवरच थांबला. “अहो, काय केलंत हे! सगळ्या बोटी त्यातच होत्या.”

छापखान्यात एकोणचाळीस वर्षे त्यांना सारे ‘कानामात्रा’ म्हणत. एखादा परिच्छेद चुकून दोनदा जुळवला गेला, की त्यातला अशुद्ध तेवढा हेरून त्यावर तांबड्या पेन्सिलीने काट मारावयाची, हा त्यांच्या हाताचा धर्मच होऊन बसला होता.

घरचा संगणक जुना. त्यावरचे विंडोज उघडेनासे झाले, तेव्हा या बाईने ते पुसून त्या जागी लिनक्स बसवले. परंतु त्यांच्या धाकट्या बहिणीचा बोटी बांधण्याचा खेळ विंडोजचाच. त्यासाठी बाईने मध्ये एक दुभाषी नेमला.

“वाइन म्हणतात त्याला. दचकू नका, पिण्याची नाही,” ती तेव्हा म्हणाली होती. “खेळ विंडोजच्या भाषेत मागतो, हा लिनक्सकडून आणून देतो. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. ते खोटं घर ज्या फोल्डरात मांडलेलं असतं, त्याला प्रीफिक्स म्हणायचं.”

“म्हणजे उपसर्ग!” मुद्रितशोधक हरखून गेले होते. “धातू एकच, ‘वि’ लावला की विहार, ‘सम्’ लावला की संहार.”

“तुम्ही संहार तेवढा लावू नका, काका.”

पहिल्या उपसर्गात बाईने जुन्या डिस्कवरच्या बोटींसकट खेळ आणून बसवला; तो चालला, पण अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटू लागले. बाईने फोनवरून दुसरा उपसर्ग मांडून त्यात मराठी अक्षरांचे टंक, म्हणजे फॉन्ट, भरायला सांगितले. ते त्यांनी वहीत उतरवून घेऊन, एकेक पायरी बोटाने धरीत, कोणाच्याही मदतीवाचून केले. अक्षरे स्वच्छ उमटली. मग शेजारी शेजारी दोन फोल्डर दिसले. आत तीच नावे, तोच क्रम. एक शुद्ध, एक अशुद्ध. हाताने आपला धर्म पाळला. खेळातले बोटींचे बंदर उघडून पाहण्याचे मात्र त्यांना सुचले नाही. ते पहिल्यातून दुसऱ्यात आणण्यासाठीच बाई आज आली होती.

तिने दुपारपर्यंत खटपट केली. अखेर चष्मा काढून डोळे चोळले.

“नाही सापडत. जुन्या डिस्कवरचंही मीच पुसलं, लिनक्स टाकताना. मी एक प्रत ठेवायला हवी होती.” मग ती हळूच म्हणाली, “मशीन बिघडलं, असं सांगू का ताईंना? मी सांगते.”

“नको. ज्याच्या नजरेतून चूक सुटली, त्यानेच लेखकाकडे शुद्धिपत्र घेऊन जायचे, अशी आमच्याकडे रीत होती.”

धाकटी खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. ती पूर्वी दूरध्वनी केंद्रात नोकरीला होती. उभ्या आयुष्यात तिने लोकांची बोलणी जोडून दिली. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने तिचा उजवा हात नेला आणि तोंडचे शब्दही नेले. उरल्या होत्या त्या खेळातल्या बंदरात तिने पूर्वी बांधलेल्या एकतीस बोटी. त्यांची नावे तिने गमतीने आपल्या कामातूनच घेतली होती: ‘बोला’, ‘थांबा’, ‘जोडते’, ‘तुटली’, ‘मोठ्याने’, ‘नंतर करा’. रोज सकाळी ती बोटीवर बोट ठेवी आणि तिचे नाव उच्चारी. तहान लागली की ‘जोडते’, दुखू लागले की ‘मोठ्याने’. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, “ही वाट तेवढी उघडी आहे. रोज चालू द्या.” संगणक बंद पडून सोळा दिवस झाले होते, आणि तिचे शब्द दिवसागणिक कमी होत होते.

मुद्रितशोधकांनी संगणक तिच्यापुढे आणून ठेवला. तिचा चेहरा उजळला. पडद्यावर समुद्र उघडला; धक्का होता, दीपगृह होते. पाणी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे होते.

तिने भावाकडे पाहिले.

“मी पुसल्या गं,” ते म्हणाले. “मशीनने नाही. मी. दोन दिसले, एक चुकीचं वाटलं, विचार न करता काढून टाकलं. बोटी त्यात होत्या.”

तिचे ओठ हलले, पुन्हा मिटले.

“तु... तुटली.”

“हो. माझ्याच हातून.”

“ताई, आपण परत बांधू,” दारातून बाई म्हणाली.

“सगळी नावं नाहीत माझ्याकडे,” मुद्रितशोधक म्हणाले. “सहाच आठवतात. जन्मभर दुसऱ्यांचं वाचलं, तुझं नीट वाचलं नाही.” ते तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. “बोल ना काहीतरी. रागाव हवं तर.”

“थांबा,” ती म्हणाली. तो कुठला थांबा होता, त्यांना कळले नाही.

ती पाण्याकडे वळली. मग तिचा डावा हात अडखळत माउसवर गेला. धक्क्यापाशी एक बोट उभी राहिली, लहानशी, बिनशिडाची. खेळाने नाव विचारले. चौकटीत कर्सरची काठी लुकलुकू लागली.

“सांग, मी लिहितो,” मुद्रितशोधक पुढे झुकले.

तिने नकारार्थी मान हलवली. एका बोटाने ती कळा शोधू लागली. एक अक्षर आले. दुसरे यायला फार वेळ लागला. तिच्या कपाळावर घाम आला. मग तिने शेवटची कळ दाबली, आणि बोटीच्या कडेवर नाव उमटले.

‘ददा’.

“दादा,” ती त्यांच्याकडे बघत म्हणाली. सहा महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

मुद्रितशोधकांचा हात सवयीने खिशातल्या तांबड्या पेन्सिलीकडे गेला, मग कळफलकाकडे वळला. पहिल्या ‘द’पुढची काना न दिलेली जागा त्यांना स्पष्ट दिसत होती. त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि त्यावर दुसरा हात ठेवला.

बोट तशीच पाण्यात सोडली गेली.