निलगिरीवरचा राग

घरातलं मूल सारखं खोकायला लागलं की मोठी माणसं काय करतात, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. गुन्हेगार शोधतात! पंखा, आइस्क्रीम, शेजाऱ्यांचं मांजर, सगळ्यांची झडती होते. स्वतःची तेवढी राहते.

ट्रकमालकाचंही तेच झालं. त्याच्या लेकीला दमा होता. ऊन तापलं की तिची छाती वाजू लागे, बायको तिची पाठ चोळत बसे आणि हा दातओठ खात घरभर येरझारा घाली. माणूस मुळातच तापट. घराला लागून त्याचा ट्रकतळ होता आणि माल भरायला थांबलेल्या गाड्यांसाठी त्याचा एक कायदा होता : ज्याचं इंजिन बंद, त्याचा नंबर गेला. एखादी जुनी गाडी ऐन वेळी रुसली तर मागची रांग अडते, म्हणून ही युक्ती. मग काय, गाड्या दिवसभर जागच्या जागी धडधडत धूर ओकायच्या.

एका दुपारी मोबाइलवर त्याला एक बातमी दिसली. झाडं हवेत जी वासाची द्रव्यं सोडतात, त्यांची ओझोनशी क्रिया होते आणि छातीला घातक असे बारीक कण तयार होतात. एवढं वाचून गड्यानं मोबाइल खिशात टाकला. पुढचं वाचतो कोण! कुंपणापलीकडे निलगिरीची ओळ उभी होती. झाडं थोरल्या बहिणीची. ताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि शेजारच्याच घरात राहायची.

"सापडला चोर!" तो ओरडला. तळावरचे हमाल, कुऱ्हाडी आणि पेट्रोलवरची करवत घेऊन तो निघाला, लाथेनं कुंपण आडवं केलं आणि ती बातमी ओरडून सांगतच आत घुसला.

ताई धावत आली आणि पहिल्या झाडाला पाठ लावून उभी राहिली. "बातमी अर्धी वाचून आलास ना? अरे, हा ओझोन येतो कुठून? गाड्यांचा धूर उन्हात शिजतो, त्यातून! तोच या वासाला भिडतो आणि मग कण होतात. भांडण लावतोस तू आणि फाशी झाडाला?"

"तुझी शिकवणी कॉलेजात! माझी पोर मरायला टेकलीय आणि तुला झाडं प्यारी?"

"पोरीसाठीच सांगतेय. ऐन उन्हात घाव घातलेस तर जखमेतून वास आणखी भसाभसा सुटेल. तिची खिडकी समोर उघडी आहे. थांब!"

"बाजूला हो!"

"नाही होणार."

त्यानं तिचा दंड धरला आणि सगळा जोर लावून तिला भिरकावलं. ती दगडावर पडली, हात अंगाखाली सापडला. मनगट काडकन मोडलं. हमाल जागीच थिजले.

"मालक, ताईंचा हात..." एकजण पुढे झाला. मालकाची लाथ त्याच्या पोटात बसली आणि तो कळवळत खाली बसला.

"बघता काय? तोडा!" म्हणत त्यानं स्वतःच कुऱ्हाड उचलली. घावामागून घाव. साली फाटल्या, करवत किंचाळली. एक फांदी वेडीवाकडी कोसळली आणि एका हमालाचा खांदा फाडून गेली. झाडाच्या बुंध्यावर माणसाचं रक्त सांडलं, तरी हा थांबेना! वास एवढा दाटला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पलीकडे गाड्या धूर सोडतच होत्या.

तेवढ्यात बायकोची किंकाळी ऐकू आली.

पोरीचे ओठ निळे पडले होते. ट्रकमालकानं तिला उचलून गाडीत घातलं. मोडका हात पोटाशी धरून ताई शेजारी बसली आणि दुसऱ्या हातानं पोरीच्या तोंडाशी औषधाचा पंप धरून राहिली.

दवाखान्यात लेकीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. ताईच्या हाताला प्लास्टर चढलं. तरी गड्याची खुमखुमी गेली नव्हती. "बघितलंस? झाडांच्या वासानंच झालं!"

"वास होता, भुसा होता, करवतीचा धूर होता, तुझ्या गाड्यांचा होता," ताई म्हणाली. "नेमकं कशानं झालं, ते मी छातीठोक सांगणार नाही. पण यातली कुऱ्हाड झाडानं उचलली नव्हती. ते इंजिनही झाडानं चालू ठेवलं नव्हतं."

 गड्यानं खिशातून मोबाइल काढला. तळावर फोन लावला. "सगळी इंजिनं बंद करा. आत्ता! नंबर ज्याचा त्याला मिळेल. गाडी रुसली तर मी धक्का मारीन."

त्याला वाटलं, झालं, सुटलो. लेकीच्या केसांवरून फिरवायला त्यानं हात पुढे केला. तिनं डोळे गच्च मिटले आणि मान आत ओढून घेतली.

"बाबा, मी नाही खोकणार आता," ती मास्कमधून पुटपुटली. "मला ढकलू नका."

अरेरे! उघड्या खिडकीतून पोरीनं सगळं पाहिलं होतं! त्याचा हात तसाच हवेत राहिला. जिच्यासाठी एवढं रक्त सांडलं, तिलाच तिच्या बापाची भीती बसली होती. तो भिंतीशी सरकला आणि हमसून हमसून रडू लागला.

"ताई, चुकलो गं. तू म्हणशील ती शिक्षा कर."

"शिक्षा करणारी मी कोण? पोलिसांत तक्रार मात्र देणार. माझ्या हाताची आणि त्या दोन हमालांची. भाऊ आहेस म्हणून गिळून टाकणार नाही."

"दे," तो म्हणाला. "मी स्वतः घेऊन जातो तुला. पोरीलाही सांगतो, कुठं चाललोय ते."

वाचकहो, हवेत काय मिसळतं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण हाताशी सापडेल त्याला झोडपतो. पुन्हा कुणावर कुऱ्हाड उचलाल, तर आधी बातमी पुरती वाचा आणि आपल्या दारातला धूर बंद करा. आणि एवढं लक्षात ठेवा : धूर थांबवायला एक किल्ली फिरवली की पुरते, पण लेकराच्या मनात एकदा शिरलेली बापाची भीती काढायला कुठलाच दवाखाना नाही.