जिवंत खडकाखालचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मला दुसऱ्या एका दगडाचा हेवा वाटतो. तुम्ही म्हणाल, दगडाला कसला आला आहे हेवा! पण हेवा वाटण्यासाठी काळीज असावेच लागते असे नाही. आपली जागा गेली, एवढे त्याला पुरते.

अकोले तालुक्याच्या डोंगरातील काळ्या कड्यातून मी केव्हा सुटलो, ते मला आठवत नाही. प्रवरेने मला लोटत, घासत संगमनेरपर्यंत आणले. नदी माझ्याशी कधी बोलली नाही. ती फक्त घासत राहिली. माझे कोपरे गेले, खरखर गेली. शेवटी मी नारळाएवढा उरलो. एका बाजूने चपटा आणि बाकी सर्वांगाने असा गुळगुळीत, की पाण्याचा थेंबही माझ्यावर ठरत नसे. त्या गुळगुळीतपणाचा मला फार अभिमान होता. इतकी वर्षे सोसून मिळवलेली ती माझी एकच वस्तू होती.

सुकन्येने मला उचलले तेव्हा ती शाळेत जात होती. तिचे वडील गोरक्षनाथ दुधाचा टेम्पो चालवतात. टेम्पो धुण्यासाठी ते नदीवर उतरले होते आणि ती काठाकाठाने फिरत होती. तिने मला फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी नेले आणि गोल्डफिशच्या काचेच्या टाकीत मधोमध ठेवले. ते दिवस सुखाचे होते. घाबरलेले मासे माझ्या आड लपत. संध्याकाळी दिवा लागला की माझ्या पाठीवर त्यांच्या सावल्या पोहत. घरी येणारा प्रत्येक जण प्रथम मला पाहत असे. सुकन्येची आई विजयमाला तर म्हणायची, "पोरीनं दगड आणला खरा, पन अगदी शाळिग्रामावानी हाय."

मित्रांनो, स्तुती ऐकण्याची सवय लागू देऊ नका. ती बंद झाली की शांतता फार मोठी वाटते.

सुकन्या कॉलेजात गेली, प्राणिशास्त्र शिकू लागली, आणि आमच्या घरात समुद्र हा शब्द वारंवार येऊ लागला. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. म्हणूनच कदाचित तिला तो घरात हवा होता. तिने ठरवले की याच टाकीत खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे. गोल्डफिश मामेबहिणीकडे, जयाकडे गेले. टाकी रिकामी झाली. शेवटी तिने मला हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि आईला म्हणाली, "याला एकही छिद्र नाही गं. याचा आता उपयोग नाही."

"मग काय लावनार तिथं?"

"जिवंत खडक. त्याला सगळीकडे छिद्रं असतात आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांची घाण पाण्यात विष होते ना, ती तेच जीव खाऊन टाकतात. खडक जिवंत असला तरच मासे जगतात."

जिवंत खडक! मी तो शब्द ऐकला आणि माझ्या आत काहीतरी तडकल्यासारखे झाले. ज्या गुळगुळीतपणासाठी मी आयुष्यभर घासला गेलो, तोच आता माझा दोष ठरला होता. आणि कुठल्यातरी भोकाभोकांच्या दगडाला लोक जिवंत म्हणत होते.

ती मला अंगणात टाकणार, तेवढ्यात गोरक्षनाथांनी हात पुढे केला. "दे इकडं. हँडब्रेक ढिला झालाय, चाकाला लावायला ब्येस हाय." अशा रीतीने मी टेम्पोच्या मागच्या चाकाखाली आलो. काचेतून चिखलात येण्यास कितीसा वेळ लागतो!

मात्र त्यामुळेच माझ्या वैऱ्याची खरेदी मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आली. चाकणला ओंकार नावाचा एक तरुण राहत होता. त्याची बदली परराज्यात झाली होती आणि तो आपली मोठी टाकी मोडत होता. एका सुट्टीच्या दिवशी बापलेक टेम्पो घेऊन तिकडे निघाले. ओंकारच्या घरासमोर उतार होता, म्हणून मला लगेच चाकाखाली सरकवण्यात आले. समोरच्याच पडवीत खाऱ्या पाण्याने भरलेला टब होता आणि त्यात ते खडक होते.

"इथं दगड इकत घ्यायला आलोय, ह्ये संगमनेरात कुनाला सांगू नका बरं," गोरक्षनाथ म्हणाले. "आमची नदी दगडांनीच भरलीय. लोक लई हसतील."

ओंकार हसला. "काका, नदीतला दगड नुसता बसून राहतो. हा काम करतो."

त्या क्षणी आख्खा टेम्पो माझ्या अंगावर रेलला होता. पण ते कोण पाहणार?

सुकन्येने मात्र आधी वेगळाच प्रश्न विचारला. "हा समुद्रातून तोडून आणलेला तर नाही ना?"

"छे! तसला मी घेतच नाही. हा सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा बनवलेला आहे. टाकीत घातला तेव्हा कोरा, पांढराफटक होता. शेजारी जुना जिवंत खडक होता, त्याच्याजवळ राहून राहून यातही जीव आले. वास घेऊन बघ. सडका आला तर घेऊ नकोस."

तिने एक खडक नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. "समुद्राचा येतोय," ती हलकेच म्हणाली. समुद्र तिने एकदाच पाहिला होता. मला तिने आयुष्यात असे कधी हुंगले नव्हते.

तो खडक जांभळट होता. त्याच्या अंगावर गुलाबी, तांबूस डाग होते आणि एका छिद्रातून इवलासा खेकडा डोकावत होता. तो सुंदर होता, हे मला कबूल करावेच लागले, आणि त्यामुळे माझा जळफळाट अधिकच वाढला. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याला थर्माकोलच्या खोक्यात ठेवले. खोके सुकन्येच्या मांडीवर. मी मागे, रिकाम्या कॅनांच्या शेजारी.

चंदनापुरीच्या घाटात इंजिन तापले आणि टेम्पो कडेला थांबला. मी पुन्हा चाकाखाली. सुकन्येने खोके उघडले आणि बाटलीतले खारे पाणी ओंजळीने त्या खडकावर शिंपडले. माझ्या अंगावर टायर होता. त्याच्या अंगावर तिचा हात. मित्रांनो, हेवा म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी तो घाटच सांगेन.

घरी पोहोचल्यावर जे घडले, ते मात्र कुणाच्याच मनात नव्हते. सुकन्या टाकीतला पंप चालू करण्यासाठी धावत आत गेली. गोरक्षनाथांनी मला चाकाला लावले, खोके उंबऱ्याशी ठेवले आणि मोठ्याने म्हणाले, "घे गं, पोरीनं नवं जित्राब आणलंय घरात."

आता, आमच्या भागात गाय किंवा म्हैस नवी आणली की तिला तशीच आत घेत नाहीत. दारात तिच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. घरात येणाऱ्या जिवाचा तो मान असतो. विजयमाला तांब्या आणि ताट घेऊन बाहेर आली. "जितं हाय ना? मग असं कोरडंच कसं घ्यायचं," असे म्हणत तिने कागद सोडला आणि खडकावर तांब्याभर नळाचे पाणी ओतले. मग हळद. मग कुंकू. "ये बाबा, सुखानं ऱ्हा."

"आई! गोडं पाणी!"

सुकन्येची किंकाळी ऐकून तांब्या खाली पडला. इवलासा खेकडा छिद्रातून बाहेर आला, दोन पावले चालला आणि पिवळ्या पाण्यात उलटा झाला. त्याच्या मागून बारीक किडे बाहेर पडून वळवळू लागले. खाऱ्या पाण्यातल्या जिवांना गोडे पाणी सोसत नाही, हे त्या माऊलीला कुणी सांगितलेच नव्हते.

मी चाकाखाली शांत होतो. आमच्या नळाला प्रवरेचेच पाणी येते. माझी नदी अखेर माझ्या बाजूने उभी राहिली, असे मला वाटले.

"गाईला करते तसंच केलं गं मी," विजयमाला पुटपुटली. सुकन्येने खडक उचलून आत नेला. ती त्या दिवशी आईशी बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

खडक मेला असेल तर त्याच्यात सडणारे सगळे टाकीत विष होऊन उतरणार होते. म्हणून तिने तो मोठ्या टबात, खाऱ्या पाण्यात वेगळा ठेवला. पाणी त्याच्या खालूनही वाहायला हवे होते, म्हणून त्याला टेकू हवा होता. ती अंगणात आली, तिने चाकाखालून मला काढले, ब्रशने घासघासून धुतले आणि टबाच्या तळाशी ठेवले. मग माझ्या पाठीवर तिने त्याला ठेवले.

ज्याचा मी सर्वांत जास्त द्वेष केला, त्यालाच मी आता पाठीवर वाहत होतो. त्याला कुबट वास येत होता. जांभळे रंग फिकट होत चालले होते. मला आनंद व्हायला हवा होता. परंतु टबाच्या काठावरून सुकन्येचा चेहरा रोज दिसे आणि तोही तसाच फिकट होत चालला होता.

मग एके सकाळी विजयमाला बादली घेऊन टबाशी आली. "पानी बदलायचंय ना? मीठ किती घालायचं ते सांग. मी ढवळते."

सुकन्येने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि मिठाचे माप पुढे केले. त्यानंतर ते काम आईचेच झाले. आजारी वासराजवळ बसावे तशी ती टबाजवळ बसू लागली. वास हळूहळू कमी झाला. आणि एका दुपारी तिनेच हाक मारली.

"सुकन्या, अगं पळ! ह्याच्या भोकातून पिसावानी कायतरी बाहेर आलंय. हाललं बघ! जितं हाय गं, जितं हाय!"

एका छिद्रातून, आत राहणाऱ्या एका किड्याचा तपकिरी, चिमुकला पंखा उघडला होता. सुकन्या गुडघ्यांवर बसली. तिने आईच्या खांद्यावर डोके टेकवले.

"आता ओवाळू का?" आईने भीत भीत विचारले.

"ओवाळ. पण लांबून. आणि तांब्या आत ठेवून ये." कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या.

आता आम्ही दोघेही त्याच जुन्या टाकीत आहोत. तो वर, मी खाली. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे त्याच्या खळगीत झोपतात. पाहुणे येतात, काचेला बोट लावून म्हणतात, "हाच का तो जिवंत खडक?" खालच्या दगडाकडे कुणाचे लक्ष जात नाही. एकदा गोरक्षनाथांनी विचारले, "माझा चाकाचा दगड कुठं गेला?" सुकन्या म्हणाली, "तो कामावर आहे, अप्पा." ते वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

मित्रांनो, नवे काही घरी आणाल तेव्हा ते कशावर जगते, हे आधी विचारा. मायेच्या पाण्यानेही जीव जातो. आणि जुन्याला बाहेर टाकण्यापूर्वी एकदा हातात धरून पाहा. नव्याला टेकू लागेल, तो कदाचित त्याचाच असेल.

माझा हेवा गेला का, असे तुम्ही विचाराल. नाही, गेलेला नाही. परंतु मध्यंतरी, जिथे त्याचा भार माझ्या पाठीवर टेकतो, तिथे काहीतरी चिकटल्यासारखे मला जाणवू लागले. परवा काच पुसताना सुकन्या थबकली आणि वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने आईला बोलावले. माझ्या गुळगुळीत, काळ्या पाठीवर, तिळाएवढा, एक जांभळा ठिपका उगवला होता.