गच्चीवरची आवणी

काथ्याची वीट पाण्यात टाकली की आधी नुसते बुडबुडे येतात. मग तिच्या कडा मऊ पडतात, मग झोपेत कूस बदलावी तशी ती हलते, फुगते, आणि बघता बघता टबभर तपकिरी भुसा होतो. हाताला गार, नाकाला ओल्या नारळाचा वास. विनिता हा खेळ दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघायची. भुसा दोन पाण्यांनी धुवायचा, पिळून ट्रेमध्ये पसरायचा, वर मोहरी, मुळा, मेथी, वाटाणा दाटीवाटीनं पेरायचा आणि झाकून ठेवायचा. झाकण काढायच्या सकाळी ती चहालाही थांबत नसे. काल नुसते दाणे होते आणि आज सगळा ट्रे माना वर करून उभा, पिवळट, कुरळा, टरफलाची टोपी अजून डोक्यावर. उजेडात आणलं की संध्याकाळपर्यंत हिरवागार.

हे सगळं चालायचं पूर्णा गावातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत. आणि ती खोलीच आता हातातून जाते की राहते, असं झालं होतं.

तिचा नवरा धनेश जवळच्याच गोदामात शिफ्ट सुपरवायझर. त्याच्या हाताखालच्या बिहारी पोरांना राहायला जागा हवी होती आणि खोली त्यांच्या डोळ्यात भरली होती. धनेश काही वाईट बोलला नव्हता. तुझा छंद आहे, मान्य आहे, पण छंदाला अख्खी खोली कशाला, खिडकीत ठेव चार डबे, एवढंच म्हणाला होता. विनिताला खोलीपेक्षा तो ‘छंद’ जास्त लागला. तिनं मुदत मागून घेतली. पहिली ऑर्डर येऊ दे. ती नीट पार पडली तर खोली माझी, नाही पडली तर पोरांना बोलाव. धनेश हसून हो म्हणाला, कारण ऑर्डर येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

आणि ती आली. रुचिका नावाची तिची कॉलेजची मैत्रीण लग्नांची केटरिंग घ्यायची. जवळच्या कोन गावात एक मोठं लग्न होतं. रुचिकाला तिथं चाटचा काउंटर लावायचा होता: ट्रेमधलं कोवळं हिरवं पाहुण्यांसमोर कात्रीनं कापायचं आणि दहीचाटवर भुरभुरायचं. तिनं विनिताच्या ट्रेचे फोटो नवरीच्या घरच्यांना दाखवले, त्यांनी माना डोलावल्या. हे जमलं तर सगळ्या सीझनभर तुझाच माल, असं रुचिकानं सांगितलं तेव्हा विनिता खोलीत एकटीच टाळ्या वाजवत नाचली होती.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, कमळ. तिचं शेत कुठं होतं ते गच्चीवरून दिसायचं. निळ्या पत्र्याचं लांबलचक गोदाम आहे ना, त्याच्या बरोबर खाली. शेत गेलं तशी ती गच्चीवर फारशी येत नसे. वाळवणही खालच्या ओट्यावरच घालायची. सुनेनं काथ्याची पहिली वीट आणली तेव्हा ती हसून म्हणाली होती, “नारलाच्या शेंडीत शेती कराची बारी आयली कं आता?” विनिताही हसली होती. पण हे रोप बोटभर असतानाच कापून खातात, हे तिनं सासूला कधी सांगितलं नव्हतं. कशाला उगीच थट्टेला आणखी एक विषय, म्हणून.

लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रे असे झाले होते की बघत राहावं. मोहरी तर मखमल. रुचिकाबरोबर मांडवात जाऊन काउंटरची जागा बघायची होती, म्हणून विनिता सकाळीच निघाली आणि जाताना सासूला म्हणाली, “आई, दुपारी तेवढं वर जाऊन पाणी शिंपडाल का?”

कोनहून परतताना ती रिक्षात बसूनही बसली नव्हती. काउंटर मांडवाच्या अगदी तोंडाशी मिळाला होता. ट्रे तीन पायऱ्यांवर चढत्या रांगेत मांडायचे, मागं पांढरा पडदा, खाली केळीची पानं. सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं होतं. घरी आली, आणि जिन्यातच तिच्या कानावर गाणं आलं.

पहिली माझी मूठ गो काथ्यानं बांधीली,
तुटल्या शेताची वाट गच्चीवं सांधीली.

सासूचा आवाज. लग्न होऊन आल्यापासून विनितानं तो गाताना ऐकला नव्हता. ती पायऱ्या चढत गेली, आणि वर पोचल्यावर शेवटच्या पायरीवरच थांबली.

कमळ लुगड्याचा काष्टा वर खोचून वाकली होती. शेजारची मैना तिच्या बाजूला. मासळीचे थर्माकोलचे रिकामे खोके दोघींनी कुठूनशी आणलेल्या चिखलानं भरले होते आणि एका खोक्यात मोहरीची इवली रोपं चार-चार बोटांचं अंतर राखून सरळ ओळीत लावून झाली होती. ट्रे सगळे मोकळे. रोपं मुळासकट उपटून, मुळं धुऊन, काथ्याच्या लांब धाग्यांनी त्यांच्या मुठी बांधल्या होत्या. भाताचं आवण, म्हणजे कोवळी रोपं, लावायला नेताना बांधतात तशाच, पण लहान, बाहुलीच्या शेतात न्यायच्या असाव्यात तशा. गच्चीभर हिरव्या मुठी.

कमळचं तोंड उन्हानं आणि आनंदानं लाल झालं होतं. “बरं झालं आयलीस,” ती म्हणाली. “आवण येवरं दाट ठेवतात कं गो? गुदमरलं व्हतं बिचारं. आनखी दोन दिस राह्यलं असतं तं पिवलं परलं असतं. मैनेला बोलावली, म्हनलं आजच आवनी करून टाकू.”

विनिता पायरीवर बसली. तिनं हळूहळू सांगितलं. हे लावायचं नव्हतं. हे इतकंच वाढवायचं असतं, दाटच ठेवायचं असतं. उद्या लग्नात असंच उभं न्यायचं होतं आणि कापून खायला द्यायचं होतं.

“खातात?” कमळच्या हातातली मूठ तशीच राहिली. “येवरं असतानाच? ह्ये तं पाळन्यातलं हाय.”

मैना चिखलाचे हात पुसत हळूच जिन्याकडं सरकली आणि गायची थांबलेली गच्ची एकदम मोठी वाटायला लागली. कमळनं चेहरा गोदामाच्या बाजूला फिरवला. विनिताला वाटलं, खोली तर गेलीच, पण आत्ता आपण काही चुकीचं बोललो तर हिचं गाणंही परत खाली ओट्यावर जाईल आणि तिथंच राहील. तिनं आधी रुचिकाला फोन लावला. लपवून ठेवणं जमणार नव्हतं.

रुचिका फोनवर खूप बोलली. फोटो दाखवलेत, पडदा आणलाय, नवरीच्या आईला काय सांगू, असं सगळं. शेवटी म्हणाली, सकाळी जे असेल ते घेऊन ये, बरं दिसलं नाही तर मी सरळ कोथिंबीर टाकेन.

तो ‘कोथिंबीर’ शब्द विनिताला चटका बसावा तसा बसला. ती उठली. खाली बसून एक मूठ उचलली. पांढरी मुळं, त्यांत काथ्याच्या एक-दोन तारा अडकलेल्या, वर हिरवे दोन-दोन पानांचे पंखे. एकही मान कलंडलेली नव्हती. उपटायला जाऊन तिनं स्वतः कितीदा देठ मोडले होते, आणि इथं एकही मोडला नव्हता.

“आई, हे उद्या दुपारपर्यंत राहील?”

कमळनं वळून बघितलं. सुनेच्या आवाजात राग शोधला, सापडला नाही. मग म्हणाली, “आमी राबाच्या वाफ्यावरनं आवण काढून खालच्या खाजनातल्या शेतात न्यायचो. मुठी पान्यात उभ्या केल्या तं दुसऱ्या दिसापरयंत मूठ हसत असते. वरती वलं फडकं टाकाचं. बस.”

विनितानं कात्री आणली. धाग्याच्या वर मूठ कापली, चिमूट तोंडात टाकली, चिमूट सासूच्या तोंडात घातली. मोहरीचा झणका कमळच्या नाकात गेला. डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती हसायला लागली. ही तर म्हाताऱ्या मोहरीपेक्षा तिखट पोर आहे म्हणाली. मेथी दिली तर म्हणाली, कडू नाही, कडवटाची नुसती सावली. वाटाण्याचे कोंब तिनं दोनदा मागितले.

मग त्या दोघींच्या अंगात काही संचारलं. मैनेला परत हाक मारली. सगळ्या मुठी पुन्हा धुतल्या, सारख्या केल्या, मुळं एका उंचीला ठोकून घेतली. विनिताचे धागे सुटायचे, कमळ तिच्या हातावर टपली मारून पुन्हा दाखवायची: अंगठ्याखाली दाब, पीळ दे, टोक आत खुपस, गाठ मारू नको, आवणाला गाठ लागत नाही. खोक्यातली लावलेली मोहरी तशीच राहू दिली. ती आता वाढून भाजीला येईल, असं ठरलं. धनेश ड्युटीवरून आला, गच्चीवर डोकावला, मोकळे ट्रे बघितले आणि म्हणाला, “म्हणजे खोली आपोआपच रिकामी झाली की.”

“तू जेवून घे,” आईनं त्याला सांगितलं. “आमी कामात हाव.”

सकाळी टेम्पोत मुठींच्या पराती चढवताना कमळनं नवीच ओवी जुळवली. मैना मागून सूर धरत होती.

दुसरी माझी मूठ गो मांडवाच्या दारी,
हिरवी हिरवी पोर माझी चालली सासरी.

कोनच्या मांडवात रुचिकानं पराती बघितल्या आणि कपाळाला हात लावला. पडदा होता, पायऱ्या होत्या, ट्रे नव्हते. विनितानं ऐकून घेतलं आणि कामाला लागली. पायऱ्यांवर पराती, परातीत बोटभर पाणी, पाण्यात मुठी उभ्या. एका परातीत मोहरी, एकीत मुळा, एकीत मेथी, वरच्या पायरीवर वाटाण्याची वेलबुट्टी. रुचिका जरा लांब जाऊन बघून आली. हातातली कोथिंबीर तिनं टेबलाखाली ठेवली. ठेवली, फेकून दिली नव्हती.

अक्षता पडल्या, लग्न लागलं, माणसं जेवणाकडं सुटली. आणि काउंटरसमोर कुणी थांबेना. येणारे बघायचे, सजावट छान आहे म्हणायचे, फोटो काढायचे आणि पनीरकडं जायचे. विनिता कात्री हातात घेऊन उभी होती. तिचं हसू गालांवर दुखायला लागलं. लांबून रुचिका घड्याळ बघत होती. धनेशही लग्नाला आला होता, खुर्चीवर बसून आइस्क्रीम खात होता आणि मुद्दाम इकडं बघत नव्हता. तेवढी दया त्यानं दाखवली.

मग ठमाबाई आली. ही धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. सकाळपासून गाऊन तिचा घसा बसला होता आणि तिला गार काहीतरी हवं होतं. ती काउंटरपाशी आली, परातीकडं बघितलं, आणि विचारणं नाही, काही नाही, सरळ एक मूठ उचलली. डाव्या तळहातावर आडवी धरली, अंगठ्यानं पीळ उकलला आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी चार काड्या चिखलात लावायला काढाव्यात तशा वेगळ्या केल्या. असं करताना ती कमरेत जराशी वाकलीही. नऊवारी शालू, गळ्यात सोन्याची माळ, आणि पायाखाली मांडवाचं लाल कार्पेट.

“कोनाचं आवण ह्ये?” तिनं बसक्या आवाजात विचारलं. “कोनी बांधली मूठ? इतकी साफ मूठ मी कवापासून बगली न्हाय.”

“माझ्या सासूबाईंनी,” विनिता म्हणाली.

कमळ मागं पडद्याआड बसली होती. तिला हाताला धरून ओढून पुढं आणावं लागलं. ठमाबाईनं तिचं शेत कुठं होतं ते विचारलं. कमळनं सांगितलं. ठमाबाई म्हणाली, माझ्याही शेतावर आता गोदामच उभं आहे, पण आमचा पत्रा लाल. दोघी खो खो हसल्या. तोवर विनितानं मूठ कापून दह्यावर घातली होती. ठमाबाईनं घास घेतला, मोहरी तिच्या नाकाला झोंबली, आणि बसलेला घसा असा मोकळा झाला की तिनं तिथूनच आपल्या जावेला हाक मारली. ती हाक पनीरपर्यंत पोचली.

मग बायका आल्या. कोनच्या, पूर्ण्याच्या, अंबाडीकडच्या, भरजरी साड्यांतल्या, नखांना रंग लावलेल्या. प्रत्येकीला चाट नंतर हवी होती, आधी मूठ हातात हवी होती. एक म्हणाली, माझी मूठ याहून बारीक यायची. दुसरीनं तिला सुनावलं, तू बांधाबांधानं नुसती गप्पा मारत फिरायचीस. तरुण मुली आयांना विचारत होत्या, असं धरायचं का, आणि आया त्यांच्या मेंदीच्या हातांवर मूठ ठेवून अंगठा कुठं दाबायचा ते दाखवत होत्या. नवरीची आई आली, तिनं एक मूठ मुलीच्या ओटीत घातली. विनिताची कात्री थांबेना. पराती रिकाम्या होत गेल्या. पाणी राहिलं, पाण्यात काथ्याचे धागे राहिले.

रुचिका गर्दीतून वाट काढत आली. पुढच्या लग्नाला ट्रे आणू नकोस, म्हणाली, मुठीच आण, आणि दुप्पट आण. ती हे विनिताला सांगत होती पण बघत होती कमळकडं. कमळनं विचारपूस सुरू केली: मांडव कुठला, पाणी कुठून भरायचं, आणि मूठ बांधायला मैना एकटी पुरणार नाही तर कोण कोण येणार. शेजारच्या दोन बायकांनी तिथल्या तिथं हात वर केले.

विनितानं कात्री पुसली. बोटं हिरवी झाली होती, त्यांना मुळ्याचा वास येत होता. ती धनेशला शोधायला वळली. तो मांडवाच्या खांबाशी उभा होता, एका हातात पाघळलेलं आइस्क्रीम, दुसऱ्या हातातला मोबाइल कानाला, आणि हिंदीत बोलत होता.

“भाई, वो कमरा नहीं मिलेगा. नहीं नहीं, दूसरे किसी को नहीं दिया. अरे, वहाँ माल नहीं रखा है.” तो जरा थांबला, शब्द शोधला. “खेती है. हाँ, ऊपर. छतपे. हमारी माँ की और बीवी की.”

कमळनं पराती एकात एक घालता घालता ते ऐकलं. ती धनेशकडं गेली, त्याच्या हातातलं पाघळणारं आइस्क्रीम काढून घेतलं, स्वतःच एक घास खाल्ला, आणि म्हणाली, पोरांना नाही म्हणालास ते बरं केलंस, आता चल आणि त्या पराती टेम्पोत ठेव, आज संध्याकाळी वाटाणा भिजवायचा आहे.