बुजवलेली चार भोकं

एमेट टटलची उंची जेमतेम पाच फूट, पण गप्पा मात्र आभाळाला टेकणाऱ्या, असं ओहायोतल्या त्या गावात सगळे म्हणत. म्हातारपणीही कॉफीच्या टेबलावर त्याचं एकच पालुपद: कारखान्याने खास ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावर सुसाट पळायला बनवलेली ती पांढरी गाडी, तिचा ड्रायव्हर रोलंड याचा हात मोडला त्या उन्हाळ्यात मी पळवली. दारावर नाव रोलंडचं रंगवलेलं, म्हणून भोंग्यावरही त्याचंच पुकारलं गेलं.

"हो, आणि चंद्रावर पण तूच उतरलास ना?" मंडळी खिदळत.

त्याची मुलगी मार्लिससुद्धा पूर्वी हसायची. पण बाप थकत चालला, तसं त्याला थापाड्या म्हणून पुरावं लागेल हे तिला सोसवेना. खरं काय ते एकदाचं कळू दे, म्हणून ती गाडीच्या मागे लागली. रोलंडच्या बायकोने सांगितलं, दातांच्या डॉक्टरला विकली. डॉक्टरच्या मुलाने सांगितलं, कितीतरी वर्षं गोठ्यात गवताखाली पडून होती. शेवटी माग लागला तो टोलीडोजवळ, गार्नरच्या गॅरेजात.

गार्नरने गाडी अशी केली होती की आजच कारखान्यातून निघावी. "वजन वाचवायला हीटर नाही, रेडिओ नाही," तो कौतुकाने सांगू लागला. "सीट मागेपुढे सरकवायची सोयसुद्धा नाही, थेट पत्र्याला बोल्टने आवळलेली. कुण्या गाढवाने खाली आणखी चार भोकं पाडली होती. मी वेल्डिंग करून बुजवली. आता शोधून दाखवा!"

मार्लिस चटकन सीटजवळ वाकली. "मूळ भोकांच्या पुढे की मागे?"

"पुढे. का हो?"

"रविवारी सांगते. तोवर भोकांचं कुणाजवळ बोलू नका."

स्वतः तीही बापाजवळ चकार शब्द बोलली नाही. रविवारी तिने त्याला आणलं. एमेट वाकून आत शिरला, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला आणि क्लचकडे पाय लांबवला. पाय पोचेना.

"गाडी तीच," तो कुरकुरला, "पण सीट कुठल्या शहाण्याने हलवली? ही तर रोलंडच्या ढांगांची जागा. माझी चार बोटं पुढे होती. मीच भोकं पाडली, तर रोलंड केवढा कावला होता माझ्यावर!"

मार्लिसला रडू आवरेना. एवढी वर्षं आपणही त्याला हसलो, याची तिला मनापासून लाज वाटली. "सॉरी, डॅड," ती म्हणाली.

"तुला काय झालं? सीट तू हलवलीस?"

गार्नरचे कान लाल झाले होते. एक स्क्रू वेगळ्या छापाचा लागला तर ज्याला झोप येत नसे, तो ड्रिल मशीन घेऊन आला आणि दाराशी गुडघ्यांवर बसला.

"मिस्टर टटल, शहाणा मीच. कुठे पाडू, दाखवता?"

एमेटने बोटं पत्र्याला लावली. "इथे. आणि पुन्हा बुजवलीस तर याद राख."